नाताळच्या दिवशी आईला रेडिओवर काय ऐकवू? (लीड्स)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आई नोव्हेंबरात सांगलीहून माझ्याकडे लीड्सला आली आहे, सहा महिन्यांच्या व्हिजावर. २५ डिसेंबरला नवऱ्याची हॉस्पिटलात लाँग डे आहे. सकाळी सातच्या आत निघेल तो रात्री नऊनंतरच घरी. गाडी तोच नेणार, कारण त्या दिवशी ट्रेन नाही, बस नाही. मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद. शेजारचे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या आईवडिलांकडे जाणार आहेत. म्हणजे दिवसभर आई आणि मी, दोघीच.

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आता वाढलाय. टीव्हीवरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. त्यामुळे टीव्ही लावला की ती पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरात जाते. रेडिओचं मात्र तिला वेड. आमच्या घरी सकाळ व्हायची ती सांगली केंद्र लागलं की. बाबा दाढी करत ऐकायचे, आई पोळ्या लाटत ऐकायची, आणि बातमीवरून दोघांचा वाद व्हायचा. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. इथे मी तिला फोनवर भावगीतं लावून दिली, अभंग लावून दिले. दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "गाणी नकोत गं. कुणीतरी बोलत असलेलं लाव."

आई शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायची. इंग्रजी वाचलेलं तिला सगळं कळतं, पण इथलं बोलणं कानावरून निसटून जातं. बीबीसीचं रेडिओ फोर हे फक्त बोलण्याचं स्टेशन आहे एवढं मला माहीत आहे, पण मी स्वतः कधी नीट ऐकलेलं नाही. त्या दिवशी तिला समजेल, आवडेल असं त्यावर काय असतं? सगळं चर्चचंच असेल का? तसं असलं तरी हरकत नाही. आई एकादशी मोडत नाही, पण दुसऱ्याच्या देवाचं ऐकायला तिची कधीच ना नसते. फक्त तिला धरून ठेवेल असं हवं. नुसतं कानाशी वाजत राहणारं नको.

रंकाळा

कृष्णाकाठ, अगं-तुगं करते, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची असेल. मी कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं लेस्टरजवळ एका केअर होममध्ये काम करते. नाताळची शिफ्ट मी दरवर्षी मागून घेते. बरोबरच्या बायकांची पोरं लहान आहेत, माझा सण दिवाळीचा, मग त्यांनी घरी राहावं. त्यामुळे नाताळचा दिवस आणि रेडिओ फोर हे माझ्या चांगलं ओळखीचं आहे. आणि तुझी आई बोलली ते मी रोज बघते. आमच्याकडे गाणी लावली की आज्या डोळे मिटून पडून राहतात. कुणी बोलायला लागलं की उशीवरून मान वर होते.

तर पहिली गोष्ट. तुझा रेडिओ २५ ला सुरू करू नकोस. २४ ला दुपारी तीनला सुरू कर.

तीनला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नऊ पाठ आणि कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची, उपासना थेट लागते. आईला इतिहासातूनच सांग, तिला लगेच धागा सापडेल. ही उपासना १९१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सुरू झाली. पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम सहा आठवडे झाले होते. ती बसवली एरिक मिल्नर-व्हाइट या तिथल्या डीनने, म्हणजे चॅपलच्या मुख्य पाद्र्याने, आणि तो युद्धात सैन्याबरोबर पाद्री म्हणून राहून आलेला होता. १९२८ पासून ती रेडिओवर येते, १९३० चं एक साल सोडलं तर दरवर्षी. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या आणि प्रक्षेपणात जागेचं नावसुद्धा घेत नसत, तरी उपासना चुकली नाही.

सुरुवातीला काहीही वाजत नाही. एकटा एक पोरगा पहिलं कडवं म्हणतो, बिनसाथीचं. कोण म्हणणार हे पोरांनाही आधी ठाऊक नसतं. ऐन वेळी एकाकडे खूण होते आणि त्याने सुरू करायचं. आमच्या लाउंजमध्ये तेवढा वेळ चहाची ट्रॉलीसुद्धा हलवायची नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्यानंतर एक प्रार्थना येते, ती मिल्नर-व्हाइटचीच. गरीब, आजारी, एकटे अशा सगळ्यांची आठवण काढत ती शेवटी जे आता दुसऱ्या किनाऱ्यावर, जास्त उजेडात आहेत त्यांच्यापाशी येते. युद्धात गेलेली पोरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे ते. बाबांनंतरचे हे दिवस आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. त्या वाक्याचा अर्थ आईला आदल्या दिवशीच निवांत सांगून ठेव, ऐकताना मध्येच सांगायला जाऊ नकोस. आमच्याकडे एक आजोबा त्या वाक्याला चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि पुढचं कॅरल सुरू झालं की परत घालतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

पाठ सगळे बायबलमधले. पहिला पाठ गायकवृंदातला एक पोरगा वाचतो, शेवटचा कॉलेजचा प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख. सगळे सावकाश, स्पष्ट वाचतात. आईच्या कानाला इंग्रजी निसटतं ते वेगामुळे, इथे वेग नसतो. कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची पुस्तिका मिळते, सगळे शब्द त्यात असतात. ती उतरवून घे आणि आदल्या रात्री आईला वाचून दाखव.

आता २५. सकाळी नऊच्या सुमाराला कुठल्या तरी चर्चमधून नाताळची उपासना असते. ती लाव, पण आईला अंघोळ, पूजा, चहा सगळं उरकू दे. देवाची वेळ देवाला, रेडिओची रेडिओला. दुपारच्या आधीचे कार्यक्रम दरवर्षी बदलतात, बरेचसे हसण्या-हसवण्याचे असतात. ते इथे वाढलेल्यांनाच लागतात, सगळे विनोद इथल्या माणसांवरचे. ते सोडून दे. रेडिओ बंद करून दोघी मिळून जेवण करा.

तीनला परत लाव. राजाचं भाषण.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि आईला तर शिकवायलाच हवं असं आहे. १९३२ च्या नाताळला पंचम जॉर्जने सँडरिंगहॅमच्या घरातून पहिल्यांदा रेडिओवर भाषण केलं. मजकूर लिहून दिला रुडयार्ड किपलिंगने. आपल्या मुंबईत जन्मलेला तो. वेळ तीनची ठरली कारण लघुलहरींवरून साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागात त्याच वेळी पोचता येत होतं. त्या साम्राज्यात आपण होतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत होते आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तुझ्या आईने हा काळ वर्गात शिकवला असेल. आता तिला ती तीनची वेळ इथल्या बाजूने ऐकता येईल. भाषण लहान असतं, दहा मिनिटांच्या आत, आणि इंग्रजी शाळेतल्या श्रुतलेखनासारखं सुटंसुटं.

आमच्याकडे एक आजी आहेत, शंभरीला टेकलेल्या. तीनच्या आधी त्यांना नीट कपडे घालून, केस विंचरून खुर्चीत बसवावं लागतं. मोत्यांची माळ गळ्यात हवी. एकदा मी म्हटलं, रेडिओवरून त्यांना तुम्ही दिसत नाही. त्या म्हणाल्या, मी मला दिसते ना. तेव्हापासून माळेचा फासा मीच लावते, तो अगदी बारीक आहे, त्यांच्या बोटांत धरत नाही.

रेडिओ कुठला घेणार आहेस? एफएमवर रेडिओ फोर ९२ ते ९५ च्या मध्ये सापडेल. डिजिटल सेट घेतलास तर आवाज स्वच्छ, पण तो एफएमच्या काही सेकंद मागे चालतो. आमच्या स्वयंपाकघरात जुना एफएम आहे आणि लाउंजमध्ये डिजिटल. दोन्ही चालू राहिले की राजा आधी स्वयंपाकघरात बोलतो आणि मग लाउंजमध्ये, मधल्या दारात उभं राहिलं तर काहीच कळत नाही. म्हणून घरात एकच सेट ठेव. आणि आईसाठी घ्यायचा तर बटणं उठावाची, मोठी असलेला घे. सपाट काचेचा पडदा असलेला मुळीच नको. आमच्याकडे एका आजोबांना अंधांना रेडिओ देणाऱ्या संस्थेकडून असा सेट मिळालाय, बोटाने चाचपून सगळं चालवतात. या कामासाठी रेडिओवरून पहिलं आवाहन केलं होतं विन्स्टन चर्चिलने, १९२९ च्या नाताळच्या दिवशी. तेव्हा रेडिओ नवीन होता आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्या घरी तो आधी पोचला पाहिजे हे लोकांना पटलं. पैसे जमले, सेट वाटले. आजही वाटतात. आई पाहुणी म्हणून आली आहे, तिला तो मिळणार नाही, पण तसाच सेट दुकानात विकत मिळतो.

संध्याकाळी सातला बहुधा 'द आर्चर्स' असेल. १९५१ पासून चाललेली खेड्यातली गोष्ट आहे. सुरुवातीला शेतकऱ्यांना शेतीची माहिती गोष्टीतून द्यावी म्हणून केली होती. मधूनच ऐकून आईला नाती लागणार नाहीत, पण पाठीमागे गाईगुरांचे, दारांचे, पातेल्यांचे आवाज असतात ते तिला आवडतील.

आणि रात्री झोप नाही आली तर पाऊण वाजून गेल्यावर जहाजांसाठीचा हवामान अंदाज लागतो. ब्रिटनच्या भोवतीच्या समुद्राचे एकतीस भाग एकामागून एक, वारा कुठून, किती जोराचा, पाऊस आहे का, किती लांबचं दिसेल. नाताळ असो, काही असो, तो चुकत नाही, कारण बोटी समुद्रातच असतात. समजायला इंग्रजी लागत नाही. मी नाइट शिफ्टला तो ऐकल्याशिवाय शेवटची फेरी मारत नाही.

एक माझं मनातलं. २००० साली बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रेडिओ फोरने हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक स्टीफन फ्रायच्या आवाजात जवळजवळ आठ तास वाचून दाखवलं होतं. एक माणूस, एक पुस्तक, सगळा दिवस. सणाच्या दिवशी हेच करायला हवं, दरवर्षी करायला हवं. जे त्या दिवशी कुणाच्याच जेवणाच्या टेबलावर नसतात, कामावर असतात, अंथरुणात असतात, त्यांना तुकडे नको असतात. सुरुवात झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत हातात असावी असं वाटतं.

नगरी

रंकाळाताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी एका गोष्टीची भर घालतो. मी मराठी ख्रिस्ती, घर अहिल्यानगरचं, सध्या स्विंडनला. किंग्जचे ते नऊ पाठ आईंना इंग्रजीतून वाचून दाखवू नका, मराठीतून दाखवा. मराठी बायबल फोनवर फुकट मिळतं. पहिला पाठ उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातला, आदाम बागेत लपून बसतो तिथला. मग अब्राहाम. मग यशयाचा नववा अध्याय, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला. पुढे लूकमध्ये गब्रीएल दूत मरीयेकडे येतो, मेंढपाळ येतात. मत्तयमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक. शेवटी योहानाचा पहिला अध्याय, "प्रारंभी शब्द होता" पासून.

आई मराठीच्या शिक्षिका आहेत, त्यांना ही भाषा आवडेल. आमच्या घरी आजी नाताळच्या आदल्या रात्री हेच भाग मोठ्याने वाचायची. तिला किंग्ज कॉलेज वगैरे काही माहीत नव्हतं. इथे आल्यावर पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा पुढचं वाक्य मला मराठीत आधीच येत होतं, इंग्रजी मागून यायचं.

आणि वेळ असेल तर आईंना पंडिता रमाबाईंबद्दलही विचारा, त्यांना नक्की ठाऊक असणार. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. छपाईसुद्धा तिथल्याच बायकांनी केली. काम पुरं झालं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या.

चिंचवडचा

इथून भारतातून ऐकता येईल का? वडिलांना अशा गोष्टींची आवड आहे.

नगरी

किंग्जची उपासना बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरूनही जाते. इथले तीन म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ.

मिरजेचा_डॉक्टर

कृष्णाकाठ, तुमच्या मिस्टरांना एक विचारा. त्यांच्या हॉस्पिटलात हॉस्पिटल रेडिओ आहे का? इथे बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक चालवतात, फक्त वॉर्डातल्या पेशंटसाठी. सुरुवात तुमच्या शेजारच्या यॉर्कमध्येच झाली, १९२५ साली. काही हॉस्पिटलं आता इंटरनेटवरूनही ऐकवतात. नाताळला ते लोक खाटेखाटेपाशी जाऊन निरोप गोळा करतात आणि वाचून दाखवतात. माझी स्वतःची ती ड्युटी असते तेव्हा मी वॉर्ड राउंड लवकर संपवून तो तास ऐकतो. गेल्या खेपेला एका बाईंनी शेजारच्याच खाटेवरच्या बाईंना निरोप दिला होता, तोंडाने सांगवत नव्हता म्हणून रेडिओवरून.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, पण आईने सांगितलं की लिहिल्याशिवाय राहू नकोस, मग ते उत्तर देणाऱ्यांना कळणार कसं.

२३ च्या रात्री नऊच्या नऊ भाग मराठीतून वाचले. आईने मला दोनदा थांबवून उच्चार सुधारला. रमाबाईंचं नाव काढल्यावर ती अर्धा तास बोलली, शारदा सदनापासून सुरुवात करून. २४ ला तो पोरगा गायला लागला तेव्हा आई सोफ्याच्या कडेला सरकून बसली, शाळेत प्रार्थना सुरू झाल्यावर बसायची तशी ताठ. दुसऱ्या किनाऱ्याच्या वाक्याला तिने माझा हात धरला नाही की काही बोलली नाही. चहा घेताना म्हणाली, "तुझ्या बाबांना हे वाक्य आवडलं असतं. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, किनारा म्हणजे नेमका कुठला." आणि मग आम्ही दोघी बाबांबद्दल पुष्कळ बोललो. गेल्या वर्षभरात एवढं बोललो नव्हतो.

राजाचं भाषण तिला सगळं कळलं. एकही शब्द मी सांगितला नाही. १९३२ चा संदर्भ मी दिल्यावर तिने येरवडा, पुणे करार, सप्टेंबरातलं उपोषण असं सगळं मला क्रमाने लावून दिलं. रेडिओ मोठ्या बटणांचा घेतलाय. आता ती तो स्वतः लावते आणि बंद करते, मला हाक मारत नाही. जहाजांचा अंदाज नवऱ्याने घरी आल्यावर तिच्याबरोबर ऐकला. डॉगर, फिशर, जर्मन बाइट. दुसऱ्या दिवशी तिने मला नकाशा मोठा करून हे भाग कुठे आहेत ते बोटाने दाखवायला लावलं.

हॉस्पिटल रेडिओचं विचारलं. नवऱ्याच्या हॉस्पिटलात आहे म्हणे, त्याला आजवर माहीतच नव्हतं.

आता आई विचारतेय की ईस्टरला काय असतं. ती तेव्हा इथेच आहे.

रंकाळा

आईंना माझा नमस्कार सांग. गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या सुमाराला बहुतेक वर्षी काहीतरी असतं, वधस्तंभावरच्या शेवटच्या तासांवरचं चिंतन. ईस्टरच्या रविवारी सकाळी उपासना. हे सगळं नाताळपेक्षा गंभीर आणि गाणी कमी, म्हणजे आईंच्या मनासारखं. लूकचे शेवटचे तीन अध्याय मराठीतून आधी वाचून ठेवा. वेळापत्रक साधारण दहा दिवस आधी येतं, आलं की इथेच टाकते. माझी त्या शुक्रवारीही शिफ्ट आहे.

नगरी

लूक वाचाच, पण योहानाचा विसावा अध्यायही घ्या. मरीया मग्दालीया बागेत येते आणि त्याला माळी समजते, तो भाग. आमच्या आजीचा तो सगळ्यात आवडता होता.

कृष्णाकाठ

दोन्ही वाचते. आई म्हणतेय, विसावा ती वाचणार, भिंग घेऊन.